डहाळीवरची अनोळखी अळी कशी ओळखावी: आधी पाय, मग झाड, नाव शेवटी

कढीपत्त्याच्या कुंडीत, आंब्याच्या कोवळ्या फुटीवर किंवा शेवग्याच्या खोडावर कधी न पाहिलेली अळी दिसली की बहुतेकदा ती चपलेखाली जाते. नाहीतर तिचा वरून काढलेला धूसर फोटो ‘हे काय आहे, कोणतं औषध मारू?’ असं विचारत चार ग्रुपांवर फिरतो. तशा फोटोवरून खात्रीचं उत्तर कोणालाच देता येत नाही. अळीच्या भरवशाच्या खुणा पोटाखाली, डोक्यावर आणि ती ज्या झाडावर बसली आहे त्या झाडात असतात. पाठीचा रंग मात्र सगळ्यात फसवा. एकच अळी लहानपणी काळपट आणि मोठेपणी हिरवीगार असू शकते.

नेमकी जात कळली नाही म्हणून अडून राहायचं कारण नाही. अळी पतंगाची, भुंग्याची की माशीची, ती पान खाते की पानावरचा मावा खाते, आणि तिला हात लावणं धोक्याचं आहे का, एवढं कळलं की घरच्या बागेतले बहुतेक निर्णय घेता येतात. त्यासाठी दहा-पंधरा मिनिटं आणि थोडं सामान पुरतं.

सामान

१०एक्सचं घडीचं भिंग, शून्य किंवा एक नंबरचा मऊ ब्रश, झाकणाची पारदर्शक प्लास्टिकची डबी, मिलिमीटरच्या चौकटींचा आलेखकागद, रबरी किंवा नायट्राइल हातमोजे आणि मोबाइल. भिंग घेताना २०एक्स किंवा ३०एक्सच्या मोहात पडू नका. त्यातून दिसणारा भाग इतका लहान असतो की हलणारी अळी नजरेत टिकत नाही.

हात लावण्याआधी

अळी जशी बसली आहे तशीच तिची पहिली दोन-तीन छायाचित्रं घ्या. ती पानाच्या वर आहे की खाली, मधल्या शिरेवर आहे की कडेला, एकटी आहे की घोळक्यात, आजूबाजूला मुंग्या, जाळं किंवा मावा आहे का, ही माहिती अळी डबीत गेली की हातची जाते. दिवसा काहीच दिसत नसेल पण पानं रोज कुरतडलेली असतील, तर रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन बघा. बऱ्याच अळ्या दिवसा सालीच्या भेगेत, मातीत किंवा गुंडाळलेल्या पानात असतात.

केस, काटे किंवा शिंगांसारखे काटेरी उंचवटे असलेल्या अळीला उघड्या हाताने स्पर्श करू नका. सुरवंटांचे केस त्वचेत रुतून खाज आणि पुरळ आणतात. त्याहून त्रासदायक म्हणजे गोगलगायीसारखी चपटी, पाय न दिसणारी, हिरवट-पिवळी काटेरी अळी. २०२२ च्या पावसाळ्यात बीड जिल्ह्यात आणि आसपास शेतकऱ्यांना दंश झाल्याच्या बातम्यांमधून ‘घोणस अळी’ म्हणून गाजली ती याच कुळातली. तिचा सापाशी काही संबंध नाही, ती पाठलागही करत नाही. काट्यांतलं विष अंगाला लागलं की जबर आग होते, एवढंच. हीच मंडळी आंबा, नारळ, एरंड, बदाम यांच्या पानांखाली सापडतात. काटे लागलेच तर चोळू नका. चिकटपट्टी हलकेच दाबून उचला म्हणजे रुतलेले काटे निघून येतात, मग साबणाने धुऊन बर्फ लावा. डोळ्यात केस गेले, श्वास लागला किंवा सूज पसरू लागली तर थेट डॉक्टरकडे जा.

ती अळीच आहे ना?

डहाळीला चिकटलेली प्रत्येक मऊ वस्तू अळी नसते. इथे होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत.

पांढरी, पिठासारखी आणि जवळपास न हलणारी असेल तर तो पिठ्या ढेकूण. सोंड डहाळीत खुपसून तो जागीच रस शोषतो, आणि आसपास बहुधा मुंग्या असतात. पण तितकीच पांढरी, मेणाच्या झिपऱ्यांची आणि ब्रश लावताच चटकन पळणारी असेल तर थांबा. ती क्रिप्टोलिमस या भुंग्याची अळी असू शकते. ती पिठ्या ढेकूणच खाते, आणि द्राक्षबागांत तर ती मुद्दाम सोडली जाते. दोघांत फरक करायला भिंगाखाली ब्रशने थोडं मेण बाजूला सारा. चावणारे जबडे आणि सहा ठसठशीत पाय दिसले तर तो मित्रकीटक.

न हलणारे तपकिरी टोपीसारखे उंचवटे म्हणजे खवले कीड. नखाने टोपी उचकटली की खाली मऊ जीव किंवा अंडी दिसतात. काड्यांची किंवा पानांच्या तुकड्यांची पिशवी फांदीवरून लोंबत असेल आणि मधूनच सरकत असेल, तर आत खरोखर अळी आहे. बाभळीवर दिसणारी लांब, समांतर काड्यांची मोळी ही अशाच पतंगाची. फेसाचा, थुंकीसारखा गोळा दिसला तर आत रस शोषणाऱ्या किड्याचं पिल्लू असतं.

तुडतुडे, ढेकूण, टोळ यांची पिल्लं अळ्या नव्हेत. ती मोठ्या किड्याचीच लहान आवृत्ती असतात: लांब पाय, स्पष्ट मिशा, मोठे संयुक्त डोळे, आणि जरा वाढलेल्या पिल्लांच्या पाठीवर पंखांचे कोंब. पंखांचे कोंब दिसले की पुढची पायांची मोजणी सोडून द्या.

अळीच्या पाठीवर तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे पुंजके दिसले तर ती अंडी आहेत असं समजून घाबरू नका. ते परजीवी गांधीलमाशीचे कोश आहेत. तिची पिल्लं अळीच्या आत वाढून बाहेर पडलेली असतात आणि ती अळी आता जगत नाही. अशी अळी झाडावरच राहू द्या, फुकटचा बंदोबस्त आहे.

पाय मोजा

सगळ्यात उपयोगी पायरी हीच. अळी ब्रशने पारदर्शक डबीत घ्या, डबी डोळ्यांच्या वर धरा आणि खालून बघा. हलत असेल तर खालूनच दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या आणि थांबवून मोजा.

दोन प्रकारचे पाय वेगळे करायचे आहेत. डोक्यामागच्या तीन वलयांवर असतात ते खरे पाय: सांध्यांचे, टोकदार, कडक, तीन जोड्या. त्यामागे पोटाच्या वलयांवर असतात ते पोटपाय: मांसल, बुटके, आखूड दांड्यासारखे, तळाशी बारीक आकड्यांचं कडं. शेवटच्या वलयावरची जोडीही पोटपायांतच मोजायची. घाईत ती राहून जाते आणि हिशोब चुकतो.

खरे पाय तीन जोड्या आणि पोटपाय पाच जोड्या, म्हणजे चार मध्ये आणि एक शेवटी, तर ती फुलपाखराची किंवा पतंगाची अळी. डहाळीवर सापडणाऱ्या बहुतेक अळ्या इथेच बसतात.

पोटपाय फक्त दोन जोड्या, त्याही मागच्या टोकाला, आणि चालताना पाठ कमानीसारखी उंचावत असेल तर ती उंटअळी. यातल्या कित्येक दिवसा मागचे पाय रोवून ताठ उभ्या राहतात, आणि डहाळीचीच वाळकी काडी वाटतात. पोटपाय तीन किंवा चार जोड्या आणि चाल अर्धवट कमानीची असेल, तर एरंडीवरच्या उंटअळीसारखी पतंगाची अळी.

पोटपाय सहा किंवा जास्त जोड्या असतील तर ती फुलपाखराची नाहीच. ती करवत माशीची अळी, म्हणजे गांधीलमाशीच्या नात्यातली. पोटपायांना आकडे नसतात, आणि डोक्याच्या प्रत्येक बाजूला एकच ठसठशीत डोळा असतो. फुलपाखराच्या अळीला तिथे सहा बारीक ठिपक्यांसारखे डोळे असतात. आपल्याकडे ही मुळा-मोहरीच्या रोपांवर जास्त भेटते: काळपट हिरवी, पोटपाय आठ जोड्या, धक्का लागताच वेटोळं करून खाली पडणारी. ती ओळखणं कामाचं आहे, कारण बीटी म्हणून मिळणारं जैविक कीटकनाशक पतंगांच्या अळ्यांसाठी असतं. करवत माशीच्या अळीवर ते मारून पैसे फुकट जातात.

खरे पाय तीन जोड्या, पोटपाय एकही नाही, तर भुंग्याची किंवा क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या मित्रकीटकाची अळी. काळी-राखाडी, अंगावर नारिंगी ठिपके, लांब पायांनी भराभर चालणारी आणि माव्याच्या घोळक्यात वावरणारी असेल तर ती ढालकिड्याची. बागेत चुकून सगळ्यात जास्त मारली जाते ती हीच. ढालकिडा सगळे ओळखतात, त्याचं पिल्लू फारसं कोणी ओळखत नाही. पुढे तिचा कोश शेपटाने पानाला चिकटलेला, नारिंगी-काळा, गप्प बसलेला असतो आणि लोक तोही खरवडून टाकतात. डोक्यापुढे विळ्यासारखे दोन वाकडे जबडे दिसले तर क्रायसोपा. त्यातल्या काही जाती पाठीवर कचरा आणि खाल्लेल्या किड्यांची सालं लादून फिरतात, त्यामुळे चालणारा कचऱ्याचा गोळा दिसला तर तोही जगू द्या. पानाखाली बारीक केसासारख्या देठांच्या टोकाला अंडी लागलेली असतील तर तीही क्रायसोपाचीच.

पाय अजिबात नाहीत पण तपकिरी कडक डोकं आहे, आणि अळी लाकडात किंवा सालीखाली मिळाली, तर खोडकिडा भुंग्याची किंवा सोंड्या भुंग्याची. पाय नाहीत आणि डोकंही नाही, पुढचं टोक निमुळतं, तर माशीची. माव्यात बसलेली, साधारण सेंटीमीटरभर, हिरवट किंवा तपकिरी, पुढचं टोक डावी-उजवीकडे फिरवत मावा उचलणारी अशी अळी फुलांवर घिरट्या घालणाऱ्या सिरफिड माशीची असते, आणि तीही मित्रच.

मोजणी चुकवणारे दोन अपवाद लक्षात ठेवा. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या काही पतंगांच्या अळ्यांचे पुढचे पोटपाय नीट वाढलेले नसतात, म्हणून त्या चार-पाच दिवस उंटअळीसारख्या चालतात. पाच मिलिमीटरहून लहान अळीवर निकाल देऊ नका. दुसरा अपवाद चपट्या, पाय न दिसणाऱ्या अळ्यांचा. काटे असतील तर ती वर सांगितलेली दंश करणारी. काटे नसतील, डोकं अंगाखाली लपलेलं असेल आणि मुंग्या तिच्याभोवती लाडाने फिरत असतील, तर ती बहुधा नीळ्या फुलपाखरांच्या कुळातली. तिला पाय असतात, वरून दिसत नाहीत इतकंच.

झाड कोणतं, हे अर्धं उत्तर

बहुतेक अळ्या खाण्याच्या बाबतीत हट्टी असतात. म्हणून झाडाचं नाव नक्की करणं हे अळीचा फोटो काढण्याइतकंच महत्त्वाचं आहे. झाड ओळखत नसेल तर पानाची दोन्ही बाजू, पानांची मांडणी आणि फूल-फळ असल्यास त्याचा फोटो घ्या. अळी ते पान खरोखर खाते आहे की नुसती वाट चालते आहे, हेही बघा. कोशात जायला निघालेल्या अळ्या भिंती, कुंड्या, भलतीच झाडं कुठेही चढतात. ताजा कुरतडलेला कडा आणि खाली विष्ठा दिसली तरच ते तिचं झाड धरा.

लिंबू, कढीपत्ता, बेल: कोवळ्या पानावर वरच्या बाजूला उघड्यावर बसलेली, तपकिरी-काळी, मध्ये पांढरा पट्टा असलेली, ओलसर चकाकी असलेली सेंटीमीटरभर वस्तू पक्ष्याची शीट वाटते. ब्रशने मानेजवळ हलकेच दाबा. डोक्यामागून लालसर-शेंदरी दुभंगलेलं शिंग बाहेर आलं आणि उग्र वास सुटला, तर ती पाकोळी कुळातल्या फुलपाखराची अळी. शेवटच्या कातीनंतर हीच अळी हिरवी होते, छातीचा भाग फुगीर, कडेला तिरपे गडद पट्टे. लोक तिला वेगळी कीड समजतात. लिंबू फुलपाखरू, कॉमन मॉरमॉन आणि महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू जाहीर केलेलं ब्लू मॉरमॉन, ही तिन्ही लिंबूवर्गीय झाडांवर वाढतात आणि लहानपणी तिघांच्याही अळ्या शिटेसारख्याच दिसतात. तिथे जातीचा आग्रह धरू नये. फुलपाखरू निघाल्यावर उत्तर सोपं होतं: मागच्या पंखांना शेपूट असेल तर कॉमन मॉरमॉन, शेपूट नाही आणि अंगभर पिवळट ठिपके असतील तर लिंबू फुलपाखरू, शेपूट नाही आणि मागचे पंख निळे असतील तर ब्लू मॉरमॉन.

हातभर उंचीच्या कलमाला दहा-बारा अळ्या दोन दिवसांत बोडकं करू शकतात, तिथे त्या हाताने वेचाव्या लागतात. पण पाच वर्षांच्या डेरेदार लिंबाला त्याच दहा अळ्यांनी काही होत नाही. तिथे फवारणी करण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही.

लिंबाच्याच कोवळ्या पानात चंदेरी नागमोडी रेघ दिसली आणि पान आक्रसलं असेल तर ती नागअळी. ती पानाच्या आतच राहते, पान उन्हाकडे धरलं की रेघेच्या टोकाला दिसते. कोवळ्या शेंड्यावर पांढरे, वळलेले मेणाचे धागे असतील तर ते सायला या रस शोषणाऱ्या किडीच्या पिल्लांचे. तिथे अळी शोधत बसू नका.

आंबा: पानाच्या मधल्या शिरेवर बरोब्बर लांबीत बसलेली, दोन्ही बाजूंना पिसांसारखे हिरवे फाटे पसरलेली अळी बॅरन नावाच्या फुलपाखराची. दिसते भीतीदायक, नुकसान किरकोळ. पानं एकमेकांना जाळ्याने चिकटवून सुकलेला गठ्ठा झाला असेल तर आत जाळी करणाऱ्या पतंगाची अळी मिळते. गठ्ठा कापून पांढऱ्या कागदावर झटका, त्या चपळाईने मागे सरकतात. कोवळा शेंडा मान टाकून वाळला असेल तर तो उभा चिरा: आत शेंडा पोखरणारी अळी किंवा तिची वाट आणि विष्ठा सापडेल. झाडाखाली कात्रीने कापल्यासारखे कोवळ्या पानांचे तुकडे पडले असतील तर वर अळी शोधू नका. ते काम पान कापणाऱ्या भुंग्याचं, आणि त्याची पिल्लं त्या पडलेल्या तुकड्यांतच वाढतात. म्हणून तुकडे झाडून जाळणं हाच उपाय.

खोडातून किंवा जाड फांदीतून भुसा पडत असेल तर भिरूड. अळी पांढरट पिवळी, बिनपायांची, डोक्यामागचा भाग रुंद आणि कडक. पूर्ण वाढलेली ८ ते १० सेंमी भरते. पेरू, बोर, शेवगा, आंबा, डाळिंब यांच्या फांदीच्या बेचक्यात विष्ठा आणि रेशमाने विणलेली तपकिरी पट्टी सालीवर चिकटलेली दिसली तर ती साल खाणारी अळी. पट्टी खरवडा, तिच्या शेवटी बेचक्यात छिद्र मिळेल. अळी दिवसा त्या छिद्रात असते आणि रात्री पट्टीच्या आडून साल खाते. भिरूड आणि साल खाणारी अळी यांची गल्लत फार होते. भिरूड मोकळा भुसा बाहेर टाकतो, साल खाणारी विणलेली पट्टी बनवते.

बाकी थोडक्यात. शेवग्याच्या खोडावर दिवसा एका जागी गठ्ठ्याने बसलेले सुरवंट हे शेवग्याचेच. गठ्ठ्यात असतात तेव्हाच त्यांचा बंदोबस्त सोपा. कण्हेर किंवा तगरीवर शेपटाला शिंग आणि छातीवर दोन निळसर डोळे असलेली जाड हिरवी अळी कण्हेरीच्या पतंगाची, कोशाआधी ती तपकिरी पडते. कण्हेरीवर किंवा वड-उंबरावर काळ्या तंतूंच्या चार जोड्या असलेली अळी कॉमन क्रो या फुलपाखराची, तर रुईवर तीन जोड्या तंतूंची काळी-पिवळी-पांढरी पट्टेदार अळी प्लेन टायगर या फुलपाखराची. सागाचं पान फक्त मोठ्या शिरा ठेवून फस्त झालं असेल तर एक कीड, आणि बारीक जाळीसकट सगळ्या शिरा राखून हिरवा भाग खरवडला असेल तर दुसरी. सागावर अळी नाही दिसली तरी पान पुरतं.

आणि विदर्भात, भंडारा-गडचिरोलीकडे ऐन किंवा अर्जुनाच्या झाडावर बोटाएवढ्या जाड हिरव्या अळ्या दिसल्या तर हात आवरा. त्या टसर रेशमाच्या असू शकतात, म्हणजे कोणाचं तरी पीक.

विष्ठा आणि जखम काय सांगतात

झाडाखाली पांढरा कागद रात्रभर अंथरा. सकाळी कडक, कोरडे, खाचा असलेले दाणे पडले असतील तर वर पान खाणारी फुलपाखरा-पतंगाची अळी आहे. दाण्याची जाडी वाढत गेली तर अळी वाढते आहे. लाकडी भुसा म्हणजे आत पोखरणारी कीड. काळा चिकट डाग म्हणजे माव्यात सिरफिडची अळी असण्याची शक्यता. कागद नुसता चिकट झाला तर ते रस शोषणाऱ्या किडींचं काम, अळीचं नाही.

डोकं आणि पाठ

भिंगाखाली डोक्याचा रंग, त्यावरच्या रेषा, डोळ्यांचे ठिपके आणि पाठीवरच्या ठिपक्यांची मांडणी नोंदवा. एका खुणेवर मात्र कधीच विसंबू नका. २०१८ मध्ये मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी भारतात आढळल्यापासून डोक्यावरची उलटी ‘वाय’ सगळ्यांना पाठ झाली आणि डोक्यावर उलटी वाय दिसली की लोक लिंबावरच्या अळीलाही लष्करी ठरवतात. उलट्या वायसारखी शिवण बहुतेक पतंगांच्या अळ्यांच्या डोक्यावर असते. लष्करी अळीत ती ठळक पांढरट दिसते, आणि त्याशिवाय शेपटीकडच्या वलयावर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके लागतात. दोन्ही नसतील तर ते नाव घेऊ नका.

लांबी मोजायची ती अळी चालताना ताणलेली असताना, आलेखकागदावर. वेटोळ्यातली मोजली तर निम्मी भरते.

वाढवून बघणं

जात नक्की करण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे अळी वाढवून त्यातून काय निघतं ते बघणं. दोन-तीन अळ्या पुरतात. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून काही उचलू नका, आणि काही फुलपाखरांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे हेही ध्यानात असू द्या. घरच्या कढीपत्त्यावरच्या अळीला ही अडचण येत नाही.

एक-दोन लिटरची रुंद तोंडाची बरणी घ्या, तळाशी टिश्यू पेपर आणि तोंडाला रबराने घट्ट बांधलेलं मलमल. भोकं पाडलेलं झाकण टाळा, बारीक अळ्या त्यातून निघतात. डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत उभी करा आणि बाटलीचं तोंड कापसाने गच्च बंद करा. हे राहिलं तर अळी देठावरून उतरून पाण्यात बुडते. पानं त्याच झाडाची, ताजी आणि कोरडी हवीत. बाजारातली कढीपत्त्याची जुडी देऊ नका, तिच्यावर फवारणीचा अंश असू शकतो आणि अळी एका दिवसात मरते. विष्ठा रोज काढा, बरणी उन्हात ठेवू नका, आतल्या काचेवर पाणी साचलं तर टिश्यू बदला. ओलाव्यानेच सर्वाधिक अळ्या दगावतात.

अळी खाणं थांबवून डोकं आत ओढून एक-दोन दिवस स्थिर बसली तर ती आजारी असेलच असं नाही, बहुधा कात टाकते आहे. त्या काळात तिला पानावरून उचकटू नका. मात्र मऊ पडून, काळी होऊन डोकं खाली लटकली असेल तर तो विषाणूजन्य रोग. ती अळी पिशवीत बंद करून टाका आणि बरणी साबणाने धुवा, नाहीतर बाकीच्याही जातात.

पूर्ण वाढलेली अळी पान सोडून बरणीत सैरावैरा फिरू लागते. फुलपाखराची असेल तर तिला दोन-तीन उभ्या-तिरप्या काड्या द्या, पाकोळ्यांचा कोश काडीला रेशमाच्या धाग्याने कंबर बांधल्यासारखा टेकतो. पतंगाची असेल तर तळाशी पाच-सात सेंटीमीटर जेमतेम ओलसर, चाळलेली माती टाका. कोणती ते माहीत नसेल तर दोन्ही ठेवा. कोश झाल्यावर बरणीची उंची किमान १५ सेंमी असू द्या आणि चढायला खरखरीत काडी किंवा कापड ठेवा. निघालेल्या फुलपाखराला लटकायला जागा मिळाली नाही तर पंख चुरगळलेलेच वाळतात, आणि मग ओळखायलाही अडचण येते. कोशातून माश्या किंवा बारीक गांधीलमाश्या निघाल्या तर प्रयोग फसला असं समजू नका. तुमच्या बागेत परजीवी काम करत आहेत, हे उत्तरही उपयोगी आहे.

विचारायला जाताना

पाच फोटो लागतात: वरून, बाजूने (पाय दिसतील असा), खालून डबीतून, डोकं समोरून, आणि झाडाच्या पानासह जखम. शिवाय आलेखकागदावरचा एक. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे तेच १०एक्सचं भिंग धरलं तर डोक्याचा फोटो पुरेसा स्वच्छ येतो. सावलीत, पांढऱ्या कागदावर, फ्लॅशशिवाय काढा. फ्लॅशमुळे चकचकीत अळीवर पांढरे डाग उमटतात आणि खुणा समजून ते वाचले जातात.

गूगल लेन्स आणि आयनॅचरलिस्ट या फोटोवरून नाव सुचवणाऱ्या ॲपांची सुचवणी ही सुरुवात धरा. लेन्स बऱ्याचदा अमेरिकेतली जात दाखवतं. सुचवलेली जात भारतात आढळते का आणि ती हे झाड खाते का, हे दोन प्रश्न विचारले की निम्मी नावं तिथेच गळतात. पिकावरची कीड असेल तर जवळचं कृषी विज्ञान केंद्र किंवा राहुरी, अकोला, परभणी, दापोली इथल्या कृषी विद्यापीठांचे कीटकशास्त्र विभाग हा रास्त मार्ग. किसान कॉल सेंटरच्या १८०० १८० १५५१ या नि:शुल्क क्रमांकावर मराठीत बोलता येतं. फोनवर बोलताना अळीचा रंग सांगण्याआधी झाड, पायांच्या जोड्या, लांबी आणि नुकसान सांगा.

नमुना पाठवायचा असेल तर जिवंत अळी थेट स्पिरिटमध्ये टाकू नका, ती काळी पडून आखडते. आधी उकळून नुकत्याच उतरवलेल्या पाण्यात लहान अळी अर्धा मिनिट, मोठी दोन मिनिटं ठेवा, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये घाला. अल्कोहोल अळीच्या निदान दसपट हवं आणि पहिल्या दिवसानंतर एकदा बदलावं. सॅनिटायझरची जेल चालत नाही. शाईच्या पेनाने लिहिलेली चिठ्ठी अल्कोहोलमध्ये पुसली जाते, म्हणून चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा आणि बाटलीच्या आतच टाका: तारीख, गाव व तालुका, झाड, झाडाचा भाग, आणि जिवंतपणीचा रंग, कारण हिरवा रंग अल्कोहोलमध्ये टिकत नाही.